झाकलेलं ताट

शनिवारच्या शेवटच्या म्हाताऱ्याने बटण दाबलं आणि सोडलंच नाही. टेबलावरच्या यंत्राचा हिरवा दिवा लागला तो लागूनच राहिला. एरवी हा दिवा लुकलुकतो. काचेपलीकडच्या खोलीत बसलेल्या माणसाला हेडफोनमधून बारीक शिट्टी ऐकू आली की तो हातातलं बटण दाबतो, इकडे दिवा लागतो. शिट्टी थांबली की तो बटण सोडतो, दिवा विझतो. काचेच्या या बाजूला बसून तेवीस वर्षं तो हेच बघत आला होता. लोक त्याला कानाचे डॉक्टर म्हणत. तो डॉक्टर नव्हता, कान तपासून कागदावर आलेख काढणारा आणि कानात यंत्र बसवून देणारा तंत्रज्ञ होता. पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाला हा फरक ओरडून समजावण्यापेक्षा डॉक्टर म्हणवून घेणं स्वस्तात पडतं. भिंतींना कान असतात म्हणतात, पण या आतल्या खोलीच्या भिंती ठार बहिऱ्या होत्या. चार बोटं जाड, आतून फोम लावलेल्या. दार लागलं की बाहेरचा रस्ता, शेजारच्या दातांच्या दवाखान्यातलं यंत्र, जिन्यावरची भांडणं, सगळं कापल्यासारखं बंद व्हायचं. आत गेलेल्या माणसाला पहिल्यांदा स्वतःचा श्वास ऐकू यायचा आणि तो थोडा घाबरायचा.

हा म्हातारा बसमधला निवृत्त कंडक्टर होता. आत जाताना त्याने नेहमीची सूचना मान डोलावत ऐकून घेतली होती. आवाज येईल तेव्हा दाबायचं, थांबेल तेव्हा सोडायचं, अगदी बारीक आला तरी दाबायचं, अंदाजाने दाबायचं नाही. सांगणाऱ्याला ही चार वाक्यं इतकी पाठ होती की बोलताना तो उद्याच्या भाजीचाही विचार करू शकायचा. आज मात्र उद्याचा विचार भाजीचा नव्हता. त्याने शिट्टी बंद केली. दिवा लागलेलाच. पुन्हा दिली, पुन्हा बंद केली. दिवा ढिम्म. काचेतून त्याने पाहिलं, तर म्हाताऱ्याने डोळे मिटले होते, अंगठा बटणावर रुतला होता, आणि ओठ अगदी थोडे हलत होते. काळजाचा ठोका चुकला म्हणतात तो असा चुकतो हे त्याला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. आतल्या माणसाशी बोलायचा माइक टेबलावरच होता. त्यालाही एक बटण होतं. ते दाबून धरलं की आपला आवाज आत जातो, पण तोवर आतला आवाज बाहेर येत नाही. त्याने बोट त्या बटणावर ठेवलं. म्हणायचं होतं इतकंच की आजोबा, अंगठा सोडा. दिवसातून दोनदा तरी तो कुणाला ना कुणाला हे म्हणत असे. म्हणजे पूर्वी म्हणत असे. गेलं वर्षभर तो त्याऐवजी 'बटण मोकळं करा' म्हणायचा, आणि आज तेही ओठांवर येईना.

एकोणीस महिन्यांपूर्वी त्या खुर्चीवर बाबा बसले होते. असेच डोळे मिटून, असाच अंगठा रुतवून. ऐकू कमी यायला लागून त्यांना तीन वर्षं झाली होती आणि मुलगा शहरभराच्या कानांना यंत्रं बसवत फिरत होता. दिव्याखाली अंधार, असं आई हसत हसत चारचौघांत म्हणायची आणि तो वरमायचा. शेवटी एका शनिवारी बाबा आपणहून आले. चर्चला जायचा पांढरा शर्ट, कडक इस्त्री, बूट चकचकीत. कान दाखवायला बूट कशाला चमकवायचे? पण बाबांना बाहेर पडायचं म्हणजे हजेरीला जायचं असंच वाटायचं. सैन्यात ते वायरलेसवर होते, नऊ वर्षं. त्यानंतर पाणीपुरवठ्याच्या पंपघरात दाबाच्या घड्याळांचे आकडे लिहीत त्यांनी आयुष्य काढलं. लढाईबद्दल घरात ते कधी बोलले नाहीत. पोरांनी फारच पिच्छा पुरवला तर एवढंच सांगायचे की त्यांच्या यंत्राला एक बटण होतं. दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की पलीकडचं ऐकायचं, दोन्ही एकदम होत नाही. लहानपणी त्याला ही गोष्ट फार पुळचट वाटायची. वर्गातल्या एकाचा काका रणगाड्यावर होता.

माणूस म्हणून बाबा कसे होते हे उद्या सकाळी त्याला चर्चमध्ये पाच मिनिटं उभं राहून सांगायचं होतं. बाबांना जाऊन उद्या वर्ष होत होतं. आईने छोटं कार्ड छापून घेतलं होतं. त्यावर बाबांचा फोटो आणि खाली तीन शब्द: देवभीरू, सैनिक, कुटुंबवत्सल. पाळकांनी फोनवर सांगितलं होतं, "फार लांबवू नका, मनापासून बोला." मनापासून! गेला आठवडाभर तो रोज संध्याकाळी आपल्या दोन खोल्यांच्या घरात टेबलाशी बसायचा. घरात दुसरं कुणी नव्हतं. लग्न सहा वर्षांत आटोपलं होतं. जाताना बायको म्हणाली होती, "दिवसभर लोकांचे कान तपासता आणि घरी आलात की स्वतःचे बंद." कागदावर त्याने 'माझे वडील' असं लिहिलं, शाळेतल्या निबंधासारखं, खाली रेघ मारली आणि तिथेच गाडी अडली. सांगण्यासारखं नव्हतं असं नाही. रविवारी संध्याकाळी बाबा आठवड्याच्या पाच पेन्सिली ब्लेडने तासून द्यायचे, त्याला पाच, धाकट्या बहिणीला पाच, टोकं अशी की बोटाला टोचावीत. महिन्यातून एकदा अंगणात स्टुलावर बसवून केस कापायचे आणि मानेवर फुंकर मारून म्हणायचे, "जा, माणसात आलास." आईची बोटं सांध्यांत सुजायची, म्हणून धुतलेली चादर पिळायचं काम त्यांनी तिला कधी करू दिलं नाही. शेजारची पुरुषमंडळी हसायची, हे आपले पिळत राहायचे. बहिणीला पाठ नसलेली कविता ते तिच्याबरोबर पाठ करायचे आणि परीक्षेच्या दिवशी तिच्याहून जास्त घाबरायचे. हे सगळं सांगता आलं असतं. लोक हसले असते, दोघीतिघी रडल्या असत्या. पण या सगळ्याच्या मध्ये रोज रात्रीचं जेवण होतं, आणि तिथे आलं की त्याचा पेन थांबायचा.

जेवणाआधी बाबा प्रार्थना करायचे. तीन वाक्यांची. अन्नाबद्दल आभार, घराला सांभाळ, जे दूर आहेत त्यांना सांभाळ, आमेन. इथवर जगातल्या कुठल्याही भाविक घरासारखंच. पण आमेननंतर ते डोळे उघडायचे नाहीत. प्रार्थना चालू असताना त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर दाबलेला असायचा, आमेन झालं की तो अलगद उचलायचा, आणि मग बाबा नुसते बसून राहायचे. मान किंचित एका बाजूला कललेली. मिनिट जायचं, दोन जायची, तीन जायची. बहीण टेबलाखालून चिमटे काढायची. भूक अशी लागलेली की डोळ्यांपुढे काजवे. वाढलेल्या ताटांवर आई आधीच झाकणं ठेवायची, चार ताटांवर चार, एक जरा पोचा आलेलं, ते नीट बसायचं नाही. पोरं विचारायची झाकण कशाला, तर म्हणायची माशा बसतात. भर थंडीत कुठल्या आल्या माशा? पण आईचं उत्तर ठरलेलं. मग कधीतरी बाबा डोळे उघडायचे, इकडेतिकडे बघायचे, जणू आपण कुठे आहोत ते आठवून घेतायत, आणि म्हणायचे, "हं, चला." झाकणं निघायची. अन्न तोवर कोमट झालेलं असायचं. त्याच्या बालपणाची चव विचाराल तर कोमट.

सतरा वर्षांचा झाल्यावर त्याने बंड केलं. त्या वयात बंड करायला घरात दुसरं काही मिळालं नाही म्हणूनही असेल. आमेन झाल्याबरोबर त्याने झाकण काढलं आणि खायला सुरुवात केली. मुद्दाम चमचा वाजवून. आईने डोळे वटारले. बाबा हलले नाहीत, त्यांनी आपली वेळ पुरी घेतली, मग डोळे उघडले, आणि नेहमीसारखं आपलं झाकण काढलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, "एवढा वेळ काय ऐकता? देव बोलतो का तुमच्याशी?" बाबा म्हणाले, "देवाला एवढा वेळ लागत नाही." मग कुणाची वाट बघता, यावर त्यांनी भाजीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "जेव. गार होतंय." पुढे कॉलेजात गेल्यावर त्याने चर्च सोडलं. सोडलं म्हणजे काही भांडून नाही, एका रविवारी उठला नाही, मग दुसऱ्या. बाबांनी विचारलं नाही. रविवारचं दुपारचं जेवण मात्र त्याने कधी चुकवलं नव्हतं. लग्न झालं तरी, मोडलं तरी, रविवारी दुपारी तो आईबाबांकडे असायचा, झाकलेल्या ताटापुढे, चार मिनिटं छताकडे बघत. चार हे त्याने घड्याळ लावून मोजलं होतं. कधी सेकंदभरही कमी नाही.

आणि मग तो शनिवार. बाबा आतल्या खोलीत बसले, त्याने ती चार वाक्यं म्हटली, आवाज जरा चढवून, वडिलांशी बोलताना चढतो तेवढाच. दार लावलं. पहिली शिट्टी दिली. दिवा लागला. शिट्टी थांबवली. दिवा विझेना. काचेतून पाहिलं तर बाबांचे डोळे मिटलेले, ओठ हलतायत. त्याच्या डोक्यात एकदम तिडीक गेली. इथेही? बाहेर पाच माणसं खोळंबली होती, त्यांतली एक बाई दर दोन मिनिटांनी दारातून डोकावत होती. म्हातारा आपल्या यंत्राशी बसून प्रार्थना करतोय आणि मुलाने काचेपलीकडे हात जोडून उभं राहायचं, लहानपणापासून चाललंय ते इथेही! त्याने माइकचं बटण दाबलं आणि तो ओरडला. बोलला नाही, ओरडलाच. "बाबा, अंगठा सोडा! तुम्ही दाबून ठेवलंय, मला पलीकडे काही कळत नाहीये! सोडा अंगठा!" बाबांनी डोळे उघडले. आधी समोरच्या भिंतीकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं. अंगठा उचलला. दिवा विझला. ते बाहेर आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि डोळे भरलेले होते. तो म्हणाला, "पुन्हा करावं लागेल." ते म्हणाले, "नको आता." खुर्चीच्या पाठीला धरून जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं." बस, एवढंच. आणि एकटेच बसने घरी गेले. तो सोडायला गेला नाही, पाच माणसं खोळंबली होती ना.

दुसऱ्या दिवशी रविवारी तो जेवायला गेला नाही. वडिलांना लोकांदेखत झापल्यावर कुठल्या तोंडाने जायचं. पुढच्या रविवारी यंत्रांचं प्रदर्शन होतं, खरंच होतं. त्याच्या पुढच्या रविवारी नव्हतं, पण त्याने आहे असं सांगितलं. लाजेचं असं असतं, आधी ती आपल्याला धरून ठेवते, मग आपण तिला. आई फोन करायची, "ये रे, हे वाट बघतात." तो म्हणायचा बघतो. बाबांना फोनवर ऐकू यायचं नाही, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचा प्रश्नच नव्हता. सात महिने असे गेले. बहिणीचं बाळंतपण परदेशात झालं तेव्हा तो आईला आणायला विमानतळावर गेला, बाबांना तेव्हा त्याने एकदा पाहिलं, गर्दीत, लांबून हात केला आणि आईला त्यांच्याकडे पाठवून निघून आला. मग एका दुपारी बाबा खुर्चीत बसल्याबसल्या गेले. शांतपणे गेले, सगळे म्हणाले. भाग्यवान म्हणाले.

दफनानंतर चर्चच्या मागच्या खोलीत चहा होता. तिथे बॅटरीकाकांनी त्याला कोपऱ्यात घेतलं. बॅटरीकाका बाबांच्या तुकडीत बॅटऱ्या वाहायचे, तेवढंच त्यांचं काम, आणि तेच नाव त्यांना जन्मभर चिकटलं. वर्षातून एकदा घरी यायचे आणि बाबांच्या शेजारी मुकाट बसून जायचे. त्यांनी हातातला कप खिडकीत ठेवला. "तुझ्या बापाने तुला सांगितलं नसणार," ते म्हणाले. "मीही सांगितलं नसतं. पण आता आमच्या दोघांतला मी एकटाच उरलो, आणि मी गेलो की ते तिघं कुणालाच माहीत असणार नाहीत." टेकडीवर खड्डा खणून त्यात वायरलेस ठेवलेला. पुढे ओढ्यापाशी तिघांची चौकी. त्यांचा दुवा म्हणजे बाबा. बावीस वर्षांचे बाबा. पहाटे तोफा सुरू झाल्या. "मी मागून बॅटरी घेऊन आलो तर तुझा बाप यंत्र धरून प्रार्थना करत होता. मोठ्याने. डोळे मिटून. आणि बटण दाबलेलं. म्हणजे तोवर ते तिघं फक्त त्याची प्रार्थना ऐकत होते. त्यांना बोलता येत नव्हतं. म्हणजे बोलत असतील, पण आम्हाला येत नव्हतं ऐकू."

"मग तुम्ही..." तो म्हणाला.

"मी काय केलं सांगू? मी टोपी काढली." बॅटरीकाकांनी आत्ताही डोक्याला हात लावला, तिथे टोपी नव्हती. "मीही आपल्यातलाच ना. आईने शिकवलेलं, कुणी प्रार्थना करत असेल तर मध्ये बोलू नये. मी टोपी काढून मान खाली घालून आमेनची वाट बघत उभा राहिलो. बटण दिसत होतं मला. समोर दिसत होतं. नुसतं अंगठा सोड एवढं म्हणायचं होतं. चार मिनिटं. नंतर हिशेब लावला तेव्हा चार निघाली. आमेन झालं, त्याने अंगठा उचलला, आणि पलीकडून अर्धंच वाक्य आलं. 'येऊ का मागे.' मग काही नाही. तुझा बाप या या म्हणत राहिला, मागे या, मागे या. दुपारपर्यंत म्हणत होता." साहेबाने कागदावर यंत्रात बिघाड असं लिहिलं. कुणाला शिक्षा झाली नाही. "शिक्षा झाली असती तर संपलं तरी असतं," काका म्हणाले. "त्याने देव सोडला नाही, मला वाटलं होतं सोडेल. प्रार्थना छोटी केली फक्त. आणि नंतर बसायचा. त्या तिघांना वाट मोकळी करून द्यायचा. तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस."

तेव्हापासून वर्षभर तो हे एकट्याने वागवत होता. म्हणजे त्या शनिवारी बाबांच्या हातात त्याने काय दिलं होतं? बटण दिलं होतं. कानांवर हेडफोन चढवले होते, बंद खोलीत बसवलं होतं, आणि मग नेमक्या त्याच शब्दांनी त्यांच्या अंगावर ओरडला होता. शहरात इतकी माणसं असताना चोपन्न वर्षांची जुनी जखम शोधून तिच्यावर नेमकं बोट ठेवायला सख्खा मुलगाच सापडला. आणि वर बाबा म्हणाले, बरोबर आहे तुझं. त्यानंतर सात महिने ते जगले, रोज रात्री ती चार मिनिटं बसले असतील, आणि आता त्यात मुलाचा आवाजही मिसळला असेल. हे त्याला दिवसा नाही, पण असं कधीतरी काचेसमोर एकदम समजायचं. उद्या कुठल्या तोंडाने सांगायचं, माझे वडील देवभीरू होते?

आतला दिवा विझला. त्याने वर पाहिलं. कंडक्टर आजोबांनी आपणहून बटण सोडलं होतं आणि ते काचेतून त्याच्याकडे हात हलवत होते. त्याने दार उघडलं. "डॉक्टर, अंगठा दुखायला लागला हो," म्हातारा म्हणाला. "आवाज काही थांबेचना."

"आवाज मी केव्हाच बंद केला होता, आजोबा."

"तुमचा असेल बंद. माझा नाही. रात्रंदिवस चालूच असतो, बारीक शिट्टी. तुम्हीच म्हणालात, आवाज येतोय तोवर सोडायचं नाही. मी आकडे मोजत बसलो." म्हातारा अपराध्यासारखा हसला. "चुकलं का माझं?" त्याने नाही म्हटलं. बऱ्याच जणांना असा आवाज येतो, त्यासाठी तपासणीची दुसरी रीत आहे, सोमवारी या, पुन्हा करू. म्हातारा जिना उतरून गेल्यावर तो आतल्या खोलीत गेला आणि त्या खुर्चीवर बसला. दार ओढून घेतलं. श्वास ऐकू आला, मग कानातलं रक्त. बाबांनाही थांबलेली शिट्टी ऐकू येत होती का? आपण विचारलंच नाही. कंडक्टरला विचारलं, त्याच्या आधी हजारोंना विचारलं, कसा आवाज येतो, केव्हापासून येतो. बापाला तेवढं विचारलं नाही. खोलीत त्याला फार एकटं वाटलं आणि तरी बराच वेळ उठवेना.

सकाळी चर्च अर्धं भरलेलं होतं. तो मागे बसणार होता, आईने हाताला धरून पहिल्या बाकावर नेलं. बॅटरीकाका काठी टेकून पलीकडच्या रांगेत होते. त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा खिशातला कागद त्याने काढलाच नाही. माइकपुढे उभं राहून तो पेन्सिलींबद्दल बोलला, केस कापण्याबद्दल, चादर पिळण्याबद्दल. लोक हसले, दोघीतिघींनी डोळे पुसले, सगळं ठरल्याप्रमाणे. मग तो म्हणाला, "बाबांची प्रार्थना छोटी असायची. त्यानंतर ते थांबायचे. आज आपणही थांबू," आणि त्याने माइकचा खटका बंद केला. चर्च शांत झालं. कुणीतरी खोकलं. एक लहान मूल 'संपलं का' म्हणालं. त्याने डोळे मिटले नव्हते, तो आईकडे बघत होता. आई त्याच्याकडे बघत नव्हती, ती आपल्या हातांकडे बघत होती. मिनिटभर झालं असेल नसेल, पाळकांना वाटलं माइक बिघडला किंवा पोराला हुंदका आला, त्यांनी वादकाला खूण केली आणि गीत सुरू झालं. सगळे उठून उभे राहिले. बॅटरीकाका बसून राहिले, मान खाली घालून.

दुपारी तो आईबरोबर घरी गेला. त्या टेबलाशी तो एकोणीस महिन्यांनी बसत होता. बाबा गेल्यानंतर तो येत असे, पण दारातूनच, औषधं देऊन, बिलं घेऊन, घाईत. आईने दोन ताटं वाढली. वाफा येत होत्या. झाकणं फळीवर एकात एक घालून ठेवलेली दिसत होती, ती तिने काढली नाहीत. समोर बसून तिने बाबांचीच तीन वाक्यं म्हटली, आमेन म्हटलं, आणि घास घेतला. तो मात्र मान खाली घालून थांबला होता, सवयीने. आईने विचारलं, "काय झालं?"

"थांबायचं नाही?"

"आता कशाला?" आई म्हणाली. मग तिने घास गिळला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "बॅटरीने तुला सांगितलंय ना. सकाळीच कळलं मला, तू खटका बंद केलास तेव्हा."

"तुला माहीत आहे?"

"लग्नाच्या आधी सांगितलं होतं यांनी. म्हणाले, घरात माझ्याबरोबर तिघं येतील, चालत असेल तर हो म्हण." तिने पाण्याचा घोट घेतला. "मी हो म्हटलं. आणि ताटं झाकायला लागले. दुसरं काय करणार."

त्याला जे वर्षभर कुणालाच सांगता आलं नव्हतं ते तेव्हा बाहेर आलं, धड वाक्यांत नाही, तुकड्यातुकड्यांत. तो शनिवार, हिरवा दिवा, माइक. आपण काय ओरडलो ते. "त्यांच्या वर्मावर घाव घातला मी, आई. नेमके तेच शब्द. आणि मग तोंड दाखवायला आलो नाही."

आई ऐकत होती. तिच्या सुजलेल्या बोटांनी तिने त्याचं ताट त्याच्याकडे थोडं सरकवलं. "त्या दिवशी दारातूनच हाक मारली त्यांनी मला," ती म्हणाली. "बूटसुद्धा काढले नव्हते. मला वाटलं काय झालं. तर रडतायत आणि हसतायत. म्हणाले, अगं, पोराने सांगितलं मला. अंगठा सोडा म्हणाला. ओरडून म्हणाला. चोपन्न वर्षं झाली, एवढं एक वाक्य कुणी म्हणायला तयार नव्हतं." तिने मान हलवली. "खरंच की रे. बॅटरीने टोपी काढली, साहेबाने बिघाड लिहिला, मी ताटं झाकली. सगळ्यांनी मान राखला त्यांचा. सोडा असं कुणी म्हटलंच नाही. त्या रात्री आमेन म्हटलं आणि लगेच डोळे उघडून म्हणाले, काढ झाकणं, भूक लागलीये. मी झाकण हातात घेऊन तशीच उभी."

"त्या रात्रीपासून?"

"शेवटपर्यंत. सात महिने गरम जेवले."

त्याला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नसावं. त्याने विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हणत होते, फोन करून कळवते. तर म्हणाले नको, हे समोरासमोर सांगायचं आहे मला. येईल तो रविवारी. दर रविवारी तुझं ताट मांडायला लावायचे." आई फळीकडे बघत होती, तिथल्या झाकणांकडे. "आमची दोन उघडी असायची. तुझं एकटंच झाकलेलं. दुपारी तीनपर्यंत तसंच ठेवायचे, मग उचलू द्यायचे."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. टेबलावर दोन ताटं होती, दोन्ही उघडी. तिसऱ्या जागी काही नव्हतं, पण तिथलं झाकलेलं ताट त्याला आता दिसत होतं, आणि त्या ताटासमोर हात धुऊन बसलेले बाबाही, दाराकडे कान लावून. कान ते कसले, दारावर थाप पडली असती तरी ऐकू आली नसती त्यांना.

"जेव," आई म्हणाली. "गार होतंय."

त्याने घास घेतला. तो गरम होता, जीभ भाजली. डोळ्यांतून पाणी आलं ते आईने पाहिलं. त्याने दुसरा घास घेतला.